चाळीसच्या पुढची थरथर

कवठे येमाई
६ जानेवारी २०२५

प्रिय साहेबराव,
सप्रेम जय भीम.

जाईबाई वहिनींचा खोकला आता थांबला असेल. तुला फोन करायचा मी कायमचा सोडून दिला आहे. रेल्वेच्या शेडमधे इंजिनांशेजारी जन्म काढून तुझे कान गेले, आणि मी फोनवर ओरडलो की तुला ऐकू येण्याआधी आमची आळी गोळा होते. म्हणून हे पत्र.

बातमी आनंदाची आहे. आमच्या शितलला दुसरं बाळ होणार, पुढल्या महिन्यात. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं सासरी, म्हणजे तुमच्या दौंडलाच. बारसंही तिकडेच. शितल ज्या पाळण्यात वाढली तो शिसवी पाळणा आजीने घेऊन यायचा, डिंकाचे लाडू, बाळंतविडा, सगळं आजीच्या हातून व्हायचं, असं खुद्द आजीने, म्हणजे आमच्या वच्छलाने ठरवलं आहे.

आता अडचण ऐक. वच्छलाला गाडी लागते. एसटी लागते, जीप लागते, पुतण्याची एसी मोटार तर दार उघडल्या उघडल्या लागते. फक्त आपली जुनी पिकअप लागत नाही. मी कारण विचारलं तर म्हणते, "हिच्यात झेंडूचा वास हाय, आन् खिडकीला काचच न्हाई." अठ्ठ्याहत्तर सालच्या गाडीचं असं कौतुक कोणी केलं नसेल. पण कांद्याच्या ओझ्यासाठी मी तिच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले होते, त्यामुळे ती झाली उंच, आणि वच्छलाचे गुडघे झाले जुने. म्हणून मी एक लाकडी स्टूल ठेवलं होतं.

दिवाळीत शिरूरच्या बाजारात तिला स्टुलावरून वर चढवलं आणि स्टूल तिथेच विसरलो. घरी आल्यावर ही उतरणार कशी? शेवटी स्टूल आणायला परत शिरूरला गेलो, तिला गाडीत बसवूनच. त्या दिवशी तिने शपथ घेतली, "गाडी खाली आणा, न्हाईतर मला वर चढवू नका."

तर मित्रा, मी गाडी खाली आणली! चार इंच! शिरूरला लोखंडी ठोकळे करून घेतले, मागचा आस आणि त्याच्या खालचे पाटे यांच्या मधे बसवले, पुढचे पाटे मारून सपाट केले, सगळं माझ्या हाताने. आपण आयटीआयला फिटर ट्रेडला एका बाकावर होतो हे लोक विसरले होते. तू रेल्वेत गेलास, मी झेंडूत, पण हात अजून फिटरचाच आहे. वच्छला एकटी चढली, कुणाचा हात न धरता, आणि अर्धा तास उगाच आत बसून राहिली.

तुझा,
बबन

ता. क. एक बारीकशी गोष्ट. चाळीसच्या पुढे गेलं की गाडी थरथरते. फार नाही. आरसा गळून पडला, पण तो आधीपासून ढिला होता.


दौंड
११ जानेवारी २०२५

प्रिय बबन,
रामराम.

पत्र मिळालं. मी ताजा कलम आधी वाचला, कारण तुझ्या पत्रातली खरी गोष्ट तिथे असते.

गाडी खाली आणलीस, ती कुणासाठी ते वाचून बरं वाटलं. पण ठोकळे घातलेस आणि नट आवळून मोकळा झालास, असं दिसतंय. गिअरबॉक्सपासून मागच्या आसावरच्या डिफरन्शियलच्या गोळ्यापर्यंत शाफ्ट जातो, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस जॉईंट असतात, हे तुला आठवत असेल. त्या तासाला तू बाकावर झोपायचास, म्हणून परत सांगतो. जॉईंट वाकलेला असताना शाफ्ट एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात थोडा पळतो, थोडा रेंगाळतो. मागचा जॉईंट पुढच्याइतकाच वाकलेला असेल तर तो ही ओढाताण जिथल्या तिथे जिरवतो. एक जास्त वाकडा आणि एक कमी, असं झालं की गाडी थरथरते. संसारात दोघांचा वाकडेपणा सारखा असला की निभतं, तसंच.

तेव्हा गिअरबॉक्सची शेपटी जितकी खाली झुकली असेल, तितकंच मागच्या गोळ्याचं तोंड वर बघायला हवं. पुतण्याच्या पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक घे, त्याला दोरा बांध, दोऱ्याला नट टांग. झाला ओळंबा. दोन्ही ठिकाणी माप घे. फरक निघेल तेवढ्या अंशाची लोखंडी पाचर ठोकळ्याखाली घालून गोळ्याचं तोंड फिरव.

चाकं जमिनीवर पाहिजेत. जॅकवर चढवून मोजशील तर खुंटीला टांगलेल्या सदऱ्यावरून पोटाचा घेर काढल्यासारखं होईल. आकडे कागदावर कळव. वहिनींना नमस्कार. जाईबाई खोकत नाही, आता मला बोलते.

तुझा,
साहेबराव


कवठे येमाई
२० जानेवारी २०२५

प्रिय साहेबराव,
जय भीम.

तुझं रेल्वेचं गणित रुळावर चालत असेल, शिरूर तालुक्याच्या रस्त्यावर चालत नाही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. चाकं जमिनीवर. कोनमापक पुतण्याच्या पोराचा, दोरा हाराचा, नट माझा. गिअरबॉक्सची शेपटी पाच अंश खाली. मग मधे जरा घरगुती काम निघालं. ते आटोपून मागचं माप घेतलं, तर गोळ्याचं तोंड वर बघायचं सोडून एक अंश खालीच बघत होतं. म्हणजे सहा अंशांचा फरक! मीच दचकलो. शिरूरला जाऊन सहा अंशांच्या पाचरी करून आणल्या, घातल्या, यू-बोल्ट आवळले, मागचं परत मोजलं. पुढे पाच, मागे पाच. केसाचा फरक नाही. मला वाटलं तुला दौंडहून बोलावून दाखवावं.

वच्छलाला म्हणालो, चल, मलठणपर्यंत चक्कर मारून येऊ. ती नवं लुगडं नेसून बसली. तिशीला गाडी गुरगुरली. चाळीसला अशी हलली की मला समोर दोन रस्ते दिसायला लागले. वच्छलाने माझा दंड धरला, मग डोळे मिटले, मग झेंडूची टोपली मागितली. टोपलीत झेंडू होते. ते आता विकता येणार नाहीत.

साहेबराव, गेल्या तीस वर्षांत या गाडीत तिला कधी मळमळलं नव्हतं. जी एक गाडी तिला लागत नव्हती ती मी तुझ्या सल्ल्याने लागती केली. घरी आल्यावर ती स्वतः उतरली, लुगडं धुवायला टाकलं आणि पाळण्यावर गोधडी झाकून ठेवली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

बारशाला ती नसेल तर मी कोणत्या तोंडाने शितलसमोर जाऊ? काय चुकलं ते सांग.

बबन


दौंड
२४ जानेवारी २०२५

प्रिय बबन,
रामराम.

पाच आणि पाच असेल तर गाडी थरथरता कामा नये. थरथरते, म्हणजे एकतर निसर्गनियम चुकला किंवा तू चुकलास. निसर्गाला मी चाळीस वर्षं ओळखतो, त्याने असं कधी केलं नाही.

ते मधलं घरगुती काम कोणतं ते लिहिलं नाहीस. तुझ्याकडे घरगुती काम म्हणजे बहुतेक जेवण आणि झोप. त्यानंतर माप घेताना तुझे डोळे उघडे होते ना?

माझा अंदाज असा की गिअरबॉक्स ज्या रबरावर टेकतो ते रबर गेलं असणार. गाडी चालायला लागली की गिअरबॉक्स उचलत असेल आणि उभ्या गाडीत घेतलेलं माप फसवत असेल. रबर बदल. माझी खात्री आहे. असे रोग मी आवाजावरून ओळखत आलो आहे.

वहिनींना सांग, बारसं त्यांच्याशिवाय होणार नाही. ही जबाबदारी माझी.

साहेबराव


कवठे येमाई
३ फेब्रुवारी २०२५

साहेबराव यांस,
जय भीम.

रबर बदललं. थरथर तशीच. जुनं रबर शाबूत होतं. तू आवाजावरून रोग ओळखतोस हे खरं, पण तुला आवाज येतो कुठे?

परवा शितलला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी एसटीने येऊन बघून गेलो. तुझ्याकडे आलो नाही, कारण मला रबराचा राग होता. वच्छला घरीच राहिली. परतल्यावर तिने विचारलं, "कशी हाय?" मी म्हणालो, लाल आहे. "आन्?" मी म्हणालो, लहान आहे. ती म्हणाली, "तुमाला कशाला धाडलं म्या!"

बारसं ९ मार्चला, रविवारी. वच्छला येणार नाही म्हणते. तिला ताप आहे म्हणे. मी कपाळाला हात लावून बघितला, ताप नाही. बारसं महिन्यावर आहे आणि हिला ताप आजपासूनच. तिचा गाडीवरचा विश्वास उडाला आहे, म्हणजे माझ्यावरचाच. मी पाळणा घेऊन एकटा येईन. ठोकळे काढून गाडी पहिल्यासारखी उंच करून टाकतो, तिला नाहीतरी चढायचंच नाही.

तू पुढचं पत्र पाठवलं नाहीस तरी चालेल.

बबन


कवठे येमाई
१० फेब्रुवारी

साहेबराव भाऊ यांस,
वच्छलाचा नमस्कार.

तुमाला पत्र लिहायची माझी पहिलीच येळ. ह्यान्ला ठावं न्हाई. हे झेंडू घिऊन शिरूरला गेल्यात तवर लिहून काढते. आमच्या शेजारचा पोपट दुधाची गाडी घिऊन दौंडला येतो, त्याच्याजवळ हे पत्र आन् डिंकाचे सहा लाडू धाडतेय. लाडू तुमी आन् जाईबाईंनी खावा. पत्र तेवढं तुमीच वाचा.

तुमी ह्यान्ला इचारलं व्हतं, मधी कसलं घरगुती काम निघालं. हेंनी सांगितलं न्हाई. काम म्याच काढलं व्हतं. लोखंडाचं काम, गाडीखाली माणूस निजणार, म्हणून म्हणलं पाचर घालायच्या आदी नारळ फोडा. आन् गाडीचं त्वांड उगवतीला पायजे ना भाऊ? गाडी तर गोठ्याकडं त्वांड करून हुबी. मग हेंनी ती वळवली, विहिरीकडं त्वांड केलं, नारळ फोडला, आन् तिथंच खाली शिरून मागलं माप घेतलं. येवढंच काम. मी म्हणलं, लिहा की भाऊंना. तर म्हणले, "साहेबराव हसंल. तो मोजमापाचा माणूस हाय, त्याला नारळाचं काय सांगू?" म्हणून दडवलं हो. जेवत न्हाई, झोपत न्हाई, तुमी उगा बोललात.

मला ताप बीप काय न्हाई. त्यान्ला वाटतंय मी गाडीला नावं ठिवते. तसं न्हाई. महिना झाला माणूस माझ्या गुडघ्यापायी गाडीखाली निजतोय. पाठ धरलीय, उठताना भितीला धरून उठतंय. मी बारशाला येते म्हणलं की परत खाली शिरायचं. म्हणून ताप काढला. ठोकळेबी काढतो म्हणत व्हते, मी म्हणलं आदी पाठ बरी व्हऊ द्या.

पर भाऊ, नातीचं त्वांड बघायचंय हो मला. लई बघायचंय. फोनमधी शितल दावती, पर फोनमधी वास येतो का लेकराचा? तुमी जाऊन बघून या आन् नीट लिहा. ह्यान्ला इचारलं तर म्हणत्यात लाल हाय.

माझं नाव सांगू नका.

वच्छला


दौंड
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय बबन,
रामराम.

तू पत्र पाठवू नकोस म्हणालास, म्हणून लगेच पाठवतो आहे. आधी कबूल करतो, रबराचं माझं निदान साफ चुकलं. आपल्या हातात पाना नसला की मी जरा जास्तच खात्रीने बोलतो.

मग मी कागद घेऊन बसलो. तुझे आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. हिशोब एकाच रीतीने लागतो: पहिलं माप आणि दुसरं माप यांच्या मधे तुझी गाडी फिरली असली पाहिजे. शेपटीचं माप घेताना तिचं तोंड गोठ्याकडे, मागचं माप घेताना विहिरीकडे. हे मी निव्वळ गणिताने काढलं. कवठ्यात कामाच्या मधेच गाडी उगवतीकडे का वळते, हे काढायला तर गणितही लागत नाही.

तुझ्या अंगणाला विहिरीकडे उतार आहे. पाणी सांडलं की तिकडेच जातं, मी तिथे आंघोळ केली आहे. उतार साधारण दोन अंशांचा धर. तोंड गोठ्याकडे असताना गाडीचं नाक वर होतं, म्हणून शेपटी आहे त्यापेक्षा दोन अंश जास्त झुकलेली दिसली. तोंड विहिरीकडे केल्यावर नाक खाली गेलं, म्हणून मागचा गोळा आहे त्यापेक्षा दोन अंश जास्त खाली बघताना दिसला. दोन अंशांची पाचर पुरली असती, तू सहाची घातलीस. आजार बारीक होता, औषधाने वाढला. गाडी एकाच जागी उभी ठेवली असतीस तर अंगण कितीही तिरकं असून बिघडलं नसतं.

आता नीट ऐक. गाडी एका जागी उभी कर आणि दोन्ही मापं होईपर्यंत हलवू नकोस. आणि रिकामी गाडी मोजू नकोस. ओझ्याने पाटे दबतात आणि कोन बदलतात. त्या दिवशी जे न्यायचं आहे ते सगळं मागे भर, पाळणा, बाजरी, कांदे, बाळंतविडा. आणि वहिनींना पुढे त्यांच्या जागेवर बसव. त्यांचं वजन विचारू नकोस, त्यांनाच बसव. मग मोज, पाचर बदल, परत मोज.

आणखी एक. बबन, तुझ्या नारळाला मी कधी हसलो? तुझ्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा निम्मं खोबरं मीच खाल्लं होतं. तू माझ्याकडे बुद्धपौर्णिमेची खीर तीनदा वाढून घेतोस तेव्हा मी काही बोलतो का? खुशाल फोड. गाडी आधी उगवतीला उभी कर, नारळ फोड, आणि मग तिथेच मोज. एवढंच केलं असतंस तर हा महिना वाचला असता.

काल शितलकडे जाऊन आलो. मुलगी आता लाल नाही, गव्हाळ झाली आहे. जावळ दाट आहे. उजवी मूठ सोडत नाही, माझं बोट धरलं ते जाईबाईने सोडवलं. अंगाला वेखंडाचा आणि दुधाचा वास येतो. नाक तुझ्यावर गेलं आहे, पण मुलगी आहे, वाढताना सुधारेल. हे सगळं वहिनींना वाचून दाखव, त्यांचा ताप उतरतो का बघ.

तुझा,
साहेबराव


कवठे येमाई
१२ मार्च २०२५

प्रिय साहेबराव,
सप्रेम जय भीम.

बारशाला तू होतासच, म्हणून तिथलं लिहीत नाही. वच्छला गाडीतून उतरली तेव्हा तू फाटकाशी उभा होतास. तिने कुणाचाही हात धरला नाही, आणि नातीला घेतल्यावर कुणाला हात लावू दिला नाही, हे तू पाहिलंस. तू न पाहिलेलं सांगतो.

गाडी उगवतीला उभी केली, नारळ फोडला, मागे सगळं भरलं आणि वच्छलाला पुढे बसवलं. मी खालून ओरडलो, "हलू नको." ती म्हणाली, "श्वास घिऊ का?" सबंध सकाळ ती तिथे बसून मेथी निवडत होती आणि मी खाली. मधूनच तिने विचारलं, "आता किती?" मी म्हणालो, तीन. "कशाचं तीन?" मी म्हणालो, तुझ्या गुडघ्याचं. वरून मेथीची काडी आली ती थेट डोळ्यात. पण पुढे दोन आणि मागेही दोन, गाडी हलवल्याशिवाय! पुढे-मागे सारखं असलं म्हणजे पुरे, अंगणाचा उतार दोघांनाही सारखाच लागला, हे मला खाली पडल्या पडल्या समजलं. पंचेचाळीस वर्षांनी तो तास पुरा झाला म्हण.

बारशाच्या दिवशी मलठण ओलांडेपर्यंत मी तिशीच्या आतच चालवली. काटा चाळीसवर आला. माझे हात घट्ट. पंचेचाळीस. पन्नास. काही नाही, साहेबराव! गाडी लोण्यातून चालल्यासारखी. मी वळून वच्छलाला सांगणार, तर ती झोपली होती. टोपली मांडीवर धरून, तोंड उघडं टाकून. गाडीत झोपलेली मी तिला जन्मात पाहिली नव्हती. न्हावऱ्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला जरा थांबलो. चहासाठी नाही, मला समोरचं नीट दिसेना म्हणून. तिला हे सांगू नकोस.

आणि हो, तू गणिताने काढलंस म्हणे! तुझ्या पत्रावर तुपाचा डाग होता आणि आमच्या डब्यातून सहा लाडू कमी झाले होते. मला तुझ्याइतकं गणित येत नाही, पण लाडू मोजता येतात.

आता खरं काम. वच्छला दोन महिने शितलकडे राहणार. मी परत एकटा निघालो. पाळणा तिकडे, बाजरी-कांदे तिकडे, ती तिकडे. चौफुला यायच्या आतच गाडी थरथरायला लागली. आधीच्याइतकी नाही, पण आहे. रस्त्यात पेंडीची पोती घ्यायचीच होती. ती मागे टाकली. एक पोतं उरलं ते पुढे, तिच्या जागेवर ठेवलं. ते कमी वाटलं म्हणून वर अर्धं पोतं आणखी ठेवलं. एकूण किती किलो झाले ते लिहीत नाही, तू तिला वाचून दाखवशील. थरथर थांबली.

पण साहेबराव, गाव येईपर्यंत मी त्या पोत्याशी दोनदा बोललो. मलठणला म्हणालो, "बघ, सोनाराचं घर झालं बांधून." पोतं काय बोलणार? घरी आलो तर चूल गार. आज तिसरा दिवस आहे. बाजारात जातो तेव्हाही ते पोतं पुढेच ठेवतो. लोक विचारतात, पेंड पुढे का? मी सांगतो, कोनाचा प्रश्न आहे, तुम्हाला कळणार नाही.

म्हणून विचारतो, रिकाम्या गाडीसाठी वेगळी पाचर बसवून घेऊ का? गाडी तिच्या मापाने बसवली आणि ती तिकडे, म्हणजे दोन महिने मी असाच हलत राहणार. मला करमत नाही, हे तुला लिहायला लाज वाटत नाही. तिला लिहायला वाटते.

तुझा,
बबन


दौंड
१६ मार्च २०२५

प्रिय बबन,
रामराम.

पाचरीला हात लावू नकोस. तो गाडीचा दोष नाही, माप बरोबर आहे. रिकामं असताना चाळीसच्या आत चालव.

तुझं पत्र वहिनींना वाचून दाखवलं. सगळंच. न्हावऱ्याचं सांगू नकोस म्हणाला होतास, ते माझ्या लक्षात आलं तोवर वाचून झालं होतं. माझं चुकलं. वहिनी तेव्हा नातीला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. मग पदराने तोंड पुसलं आणि शितलला म्हणाल्या, "तुझं आता तुला जमतंय. जाईबाई हायत येऊन-जाऊन. मी पाडव्याला घरी जाते." शितल हसायला लागली. तिच्या म्हणण्याप्रमाणे दोन महिन्यांचा हा बेत तिने पहिल्यापासून खरा धरलाच नव्हता.

वहिनींनी तुला निरोप सांगितला आहे. त्या बोलल्या तसाच लिहून घेतला, माझा एक शब्द नाही:

"पाडव्याला न्यायला या. येताना मागं वझं टाकून या, रिकामी गाडी हाणू नका, पाठ धरंल. स्टूल आणायचं न्हाई. आन् ते पेंडीचं पोतं आजच्या आज माझ्या जागंवरनं उठवा."

तुझा,
साहेबराव